लहान आतड्याचे पाच दिवसांचे अस्तर

आपल्या लहान आतड्याच्या आतील बाजूस आज जे अस्तर आहे, त्यातील बहुतेक पेशी गेल्या आठवड्यात जन्मालाही आलेल्या नव्हत्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांपैकी फारच थोड्या उरलेल्या असतील. मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि लहान आतड्याच्या बायोप्सी माझ्या टेबलावर नेहमी येतात. अशा बायोप्सीच्या अहवालात आम्ही उंची आणि खोली नोंदवतो. वर आलेले भाग किती उंच आहेत, खालचे खळगे किती खोल आहेत आणि त्यांचे परस्परांशी प्रमाण काय आहे, हे त्यात असते. ही मोजमापे स्थिर वाटतात, पण ती प्रत्यक्षात दोन वेगांचा हिशेब सांगतात, एक पेशी जन्माला येण्याचा आणि दुसरा पेशी मरण्याचा. हा हिशेब समजला की जुलाब, कॉलरा, गव्हाची अ‍ॅलर्जी समजला जाणारा सीलिअ‍ॅक आजार, केमोथेरपीनंतरचा त्रास अशा वरवर वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच सूत्रात येतात. त्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

आधी रचना पाहू. लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटाच्या आकाराचे, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य उंचवटे असतात. त्यांना आपण शाळेत रसांकुर म्हणून शिकलो. रसांकुरांच्या पायथ्याशी, त्यांच्या मधल्या जागेत, अरुंद खळगे खाली उतरलेले असतात आणि त्यांना क्रिप्ट म्हणतात. बर्लिनचे शरीररचनाशास्त्रज्ञ योहान लीबरक्यून यांनी १७४५ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून आजही त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. रसांकुर आणि क्रिप्ट या दोहोंवर पेशींचा एकच सलग थर असतो. आपण खाल्लेले अन्न, त्यासोबत आलेले जिवाणू, पित्त आणि पाचकरस हे सर्व एका बाजूला आणि आपले रक्त दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्यामध्ये केवळ एका पेशीच्या जाडीचा हा पडदा. अन्नरस आत घ्यायचा असल्याने हा पडदा जाड करून चालत नाही, आणि पातळ ठेवला की तो झिजणारच. शरीराने यावर काढलेला मार्ग असा, की झिजलेली पेशी दुरुस्त करीत बसण्याऐवजी तिला ठरावीक वेळेनंतर काढूनच टाकायचे.

क्रिप्टमध्ये पेशींचे विभाजन होताना दिसते आणि रसांकुरावर ते दिसत नाही, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुरीनमधील जूलिओ बिझोझेरो यांच्या ध्यानात आली होती. त्यावरून पेशी खाली तयार होऊन वर सरकत असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याचा वेग मात्र पुढे बऱ्याच काळाने मोजला गेला. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील शार्ल लब्लाँ आणि त्यांच्या सहकारी स्टीव्हन्स यांनी १९४८ मध्ये पांढऱ्या उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती सुरेख होती. कॉल्चिसीन हे द्रव्य दिले की विभाजनाच्या मध्यावर पोहोचलेली पेशी तिथेच अडकून पडते, कारण गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणारे धागे बनतच नाहीत. काही तासांत अशा किती पेशी साठल्या हे मोजले, की दिवसाला किती नव्या पेशी तयार होतात हे कळते, आणि रसांकुरावरील एकूण पेशींशी त्याची तुलना केली, की संपूर्ण अस्तर बदलायला किती वेळ लागतो याचा हिशेब मांडता येतो. उंदराच्या बाबतीत तो दीड दिवसाच्या आसपास निघाला. पुढे किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले थायमिडीन, म्हणजे डीएनएचा एक घटक, वापरून पेशींचा प्रवास प्रत्यक्ष माग काढण्याइतका स्पष्ट झाला आणि आकडे थोडे बदलले. माणसाच्या लहान आतड्यासाठी आज साधारणपणे तीन ते पाच-सहा दिवसांचा काळ मानला जातो.

कॉल्चिसीनविषयी एक गोष्ट येथेच सांगायला हवी, कारण ती आपल्या परिसरातली आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत आणि कोकणात तांबड्या-पिवळ्या ज्वाळेसारखी फुले येणारी जी कळलावी आहे, तिच्या कंदात हेच कॉल्चिसीन असते. कळलावीचा कंद चुकून किंवा जाणूनबुजून खाल्ल्याने विषबाधा झालेल्या रुग्णाला पहिल्या काही तासांतच उलट्या आणि तीव्र जुलाब सुरू होतात आणि त्यानंतर रक्तपेशी घटू लागतात. आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा हे शरीरातील सर्वाधिक वेगाने विभाजन पावणारे दोन भाग आहेत, आणि विभाजन रोखणारे विष त्यांनाच सर्वांत आधी व सर्वांत जास्त ग्रासते. ज्या द्रव्याने प्रयोगशाळेत अस्तराचा वेग मोजला, तेच द्रव्य मात्रा वाढली की तो वेग थांबवते.

हा वेग किती मोठा आहे, याची कल्पना एका आकड्यावरून येते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेचे रॉन सेंडर आणि रॉन मायलो यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात दररोज सुमारे ३३ हजार कोटी पेशी बदलल्या जातात आणि त्यांचे वजन ८० ग्रॅमच्या आसपास भरते. यातील फार मोठा वाटा रक्तपेशींचा असला, तरी सुमारे १२ टक्के पेशी आतड्याच्या अस्तराच्या असतात, म्हणजे दिवसाला जवळपास चार हजार कोटी. या पेशी रक्तपेशींपेक्षा आकाराने मोठ्या असल्यामुळे वजनाच्या हिशेबात त्यांचा वाटा आणखी मोठा होतो. हे सारे वाया जात नाही. पोकळीत गळून पडलेल्या पेशींतील प्रथिने पाचकरसांनी पचतात आणि त्यांतील बहुतांश भाग खालच्या टप्प्यावर पुन्हा शोषला जातो.

या पेशी तयार करणारी मूलपेशी कोणती, यावर अनेक वर्षे वाद होता. लब्लाँ यांच्या सहकारी हेझल चेंग यांनी १९७४ मध्ये क्रिप्टच्या अगदी तळाशी, जिवाणूनाशक द्रव्ये स्रवणाऱ्या पॅनेथ पेशींच्या फटींत दडलेल्या सडपातळ पेशींकडे बोट दाखवले होते. पॅनेथ पेशी सूक्ष्मदर्शकाखाली लालसर दाण्यांमुळे चटकन ओळखू येतात, आणि त्यांच्यापुढे या बारीक पेशींकडे सहसा लक्षच जात नाही. नेदरलँड्समधील उत्रेख्त येथील ह्युब्रेख्त संस्थेत हान्स क्लेव्हर्स यांच्या गटातील निक बार्कर यांनी २००७ मध्ये एलजीआर-५ नावाच्या जनुकाची खूण वापरून चेंग यांचे म्हणणे बरोबर असल्याचे दाखवून दिले. उंदराच्या एका क्रिप्टमध्ये अशा साधारण पंधरा पेशी असतात आणि त्यांतील प्रत्येक पेशी दिवसातून सुमारे एकदा विभागते. दोन वर्षांनी त्याच संस्थेत तोशिरो सातो यांनी यांतील एकच पेशी वेगळी काढून योग्य द्रव्यांच्या साहाय्याने बशीत वाढवली, तेव्हा तिच्यापासून क्रिप्ट आणि रसांकुरसदृश भाग असलेले इवलेसे आतडे तयार झाले. एका पेशीला एवढे सगळे ठाऊक असते, हे वाचताना मला आजही विस्मय वाटतो.

तळाशी राहणे म्हणजे मूलपेशी राहणे, असा येथील नियम आहे. शेजारच्या पॅनेथ पेशी आणि अस्तराखालच्या आधारपेशी जे संदेश पाठवतात, ते तळाशी तीव्र असतात आणि वर जावे तसे क्षीण होतात. विभाजनानंतर जी पेशी रेटारेटीत वर ढकलली जाते, तिला हे संदेश मिळेनासे होतात. ती आणखी काही वेळा विभागते आणि मग तिचे काम ठरते. बहुतेकींच्या वाट्याला शोषणाचे काम येते, काही श्लेष्मा बनवतात, तर थोड्या संप्रेरके स्रवतात. पॅनेथ पेशी तेवढ्या उलट दिशेने, खाली जातात आणि आठवडेच्या आठवडे जगतात. रसांकुरावर पोहोचलेली शोषक पेशीसुद्धा एकच एक काम करीत वर जात नाही. पायथ्याजवळ ती जिवाणूंना आवर घालणारी द्रव्ये अधिक बनवते, मध्यावर शर्करा व अमिनो आम्ले आत घेण्यावर तिचा भर असतो, आणि शेंड्याकडे जाताना ती मेद हाताळू लागते. चार-पाच दिवसांच्या आयुष्यात ती आपले काम दोन-तीनदा बदलते.

आता शेंड्याकडे येऊ, कारण मला मुख्यत्वे त्याविषयीच लिहायचे आहे. चांगल्या प्रकारे कापलेल्या आणि रंगवलेल्या स्लाइडवर रसांकुराचा शेंडा मोठ्या भिंगाखाली पाहिला, तर क्वचित एखादी पेशी दोन्ही शेजारणींपेक्षा किंचित वर उचललेली दिसते. तिचे केंद्रक आक्रसून गडद झालेले असते, पेशीद्रव गुलाबी पडलेला असतो, आणि तिच्या खाली दोन्ही बाजूंच्या पेशींचे पाय एकमेकींकडे सरकलेले असतात. भोवताली दाह नसतो आणि पू करणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दीही नसते. हा मृत्यू शरीराने स्वतः घडवून आणलेला आहे. अशा मृत्यूचे वर्णन करून त्याला अपॉप्टोसिस हे नाव स्कॉटलंडमधील केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये दिले.

इतक्या पातळ पडद्यातून रोज हजारो कोटी पेशी काढून टाकायच्या आणि तरीही एकही भोक पडू द्यायचे नाही, हे कसे साधते? पेशीशास्त्रज्ञ जोडी रोझेनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचे उत्तर दाखवले. मरू घातलेली पेशी शेजारच्या पेशींना संदेश देते, आणि त्या पेशी तिच्याभोवती अ‍ॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे कडे तयार करून ते हळूहळू आवळतात. बटव्याची नाडी ओढावी तसे हे कडे मिटत जाते, मधली पेशी वर पोकळीच्या दिशेने दाबली जाते, आणि ती बाहेर पडेपर्यंत खाली शेजारणी एकमेकींना भिडलेल्या असतात. पेशींना जोडणारी घट्ट बंधनेही या काळात खाली सरकून नव्या जोडावर येऊन बसतात. याच गटाने २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. पुष्कळदा पेशी मेल्यामुळे बाहेर फेकली जाते असे नसून, गर्दीचा दाब वाढल्यामुळे जिवंत पेशीच बाहेर ढकलली जाते, आणि खालच्या पायाशी असलेला आधार सुटल्यामुळे ती नंतर मरते. म्हणजे खाली किती पेशी जन्मतात, त्यावर वर किती जातील हे आपोआप ठरते. एखाद्या मध्यवर्ती नियंत्रकाशिवाय, केवळ शेजाऱ्यांच्या दाबाने जन्म आणि मृत्यू यांचा मेळ बसतो, हा मला या सगळ्या विषयातील सर्वांत सुंदर भाग वाटतो.

या गळतीचा शरीर उपयोगही करून घेते. लोहाचे उदाहरण घ्या. शरीरातून जादा लोह बाहेर टाकण्याचा कोणताही खास मार्ग आपल्याकडे नाही. मूत्रपिंड ते काम करीत नाही. शोषक पेशी अन्नातील लोह आत घेते, पण ते रक्तात सोडायचे की नाही, हे यकृतातून येणारे हेप्सिडिन हे संप्रेरक ठरवते. शरीरात लोह पुरेसे असेल तर हेप्सिडिन पेशीच्या तळाकडील दार बंद करते, लोह पेशीतच फेरिटिन या साठवणीच्या प्रथिनात साठून राहते, आणि दोन-तीन दिवसांनी ती पेशी गळाली की तिच्यासोबत निघून जाते. पेशीचे आयुष्य थोडे असणे, हाच येथे नियंत्रणाचा उपाय आहे.

आता आजारांकडे वळते. कॉलऱ्यात आतड्याचे अस्तर सोलून निघते आणि म्हणून पाण्यासारखे जुलाब होतात, असे एकोणिसाव्या शतकापासून मानले जाई. मृत्यूनंतर केलेल्या शवविच्छेदनात खरोखरच अस्तर सुटलेले दिसत असे. परंतु मृत्यूनंतर आतड्याचे अस्तर काही तासांतच आपोआप सुटू लागते, आणि ते आजाराचे लक्षण समजले गेले. बँकॉकमध्ये आलेल्या साथीच्या वेळी यूजीन गँगारोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत रुग्णांच्या बायोप्सी घेतल्या आणि कॉलऱ्यात अस्तर शाबूत असते, हे १९६० मध्ये प्रसिद्ध केले. कॉलऱ्याचे विष पेशीला मारत नाही. ते तिच्या आतील एक कळ कायमची चालू करून ठेवते, आणि पेशी क्षार व पाणी बाहेर सोडत राहते. शर्करेच्या जोडीने सोडियम आत घेण्याची यंत्रणा मात्र त्याच पेशीत शाबूत असते. म्हणूनच मीठ-साखरेचे पाणी उपयोगी पडते, आणि म्हणूनच १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांना सलाइन संपत आल्यावरही तोंडावाटे द्रावण देऊन हजारो रुग्णांना वाचवता आले. तेथील मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपासवरून तीन-चार टक्क्यांवर आले. द्रावण आजार बरा करीत नाही, ते रुग्णाला तगवते. विषाने ग्रासलेल्या पेशी आपले चार-पाच दिवसांचे आयुष्य संपवून गळून जातात, त्यांच्या जागी क्रिप्टमधून निरोगी पेशी येतात, आणि तोवर रुग्ण तगला तर तो वाचतो.

रोटाव्हायरसचे याच्या बरोबर उलट आहे. मेलबर्नच्या रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९७३ मध्ये अतिसार झालेल्या मुलांच्या आतड्याच्या बायोप्सीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू दिसला. तो रसांकुराच्या वरच्या भागातील प्रौढ पेशींनाच धरतो आणि मारतो. क्रिप्टला तो फारसा धक्का लावत नाही. प्रौढ पेशी वेळेआधी गेल्यामुळे रसांकुर आखूड होतात, आणि घाईघाईने वर आलेल्या कोवळ्या पेशींपाशी दुधातील शर्करा फोडणारे लॅक्टेज पुरेसे नसते. अशा बाळाला जुलाब थांबत आल्यावरही वरचे दूध काही दिवस पचत नाही. दूध कायमचे वर्ज्य झाले असे पालक समजतात. प्रत्यक्षात ते बाळ पेशी प्रौढ होण्याची वाट पाहत असते. आईचे दूध मात्र या काळात अजिबात बंद करू नये. जस्ताची, म्हणजे झिंकची, गोळी किंवा औषध चौदा दिवस देण्यास सांगितले जाते, ते अस्तराच्या या भरपाईसाठीच. जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबतात आणि बहुसंख्य घरांत त्याच दिवशी झिंकही थांबते. मला याचे फार वाईट वाटते, कारण खरी गरज तेव्हाच सुरू झालेली असते.

केमोथेरपीच्या बाबतीत याच वेगाची आणखी एक खूण दिसते. अनेक औषधांनी होणारे जुलाब औषधाच्या दिवशीच सुरू न होता काही दिवसांनी सुरू होतात. औषध क्रिप्टमधील विभाजन रोखते. आधीच वर पोहोचलेल्या पेशी आपले उरलेले दिवस नीट काम करीत राहतात, आणि त्या गळून गेल्यावर जेव्हा जागा भरायला कोणी येत नाही, तेव्हा त्रास जाणवतो. मधला अवकाश म्हणजे पेशीचा प्रवासकाळ.

कायमचा असमतोल कसा दिसतो, हे सीलिअ‍ॅक आजारात कळते. गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे चिडलेल्या प्रतिकारपेशी रसांकुरावरील पेशींचा नाश करू लागतात, मृत्यूचा वेग कित्येक पटींनी वाढतो आणि क्रिप्ट आपले उत्पादन वाढवून तो गाठण्याचा प्रयत्न करतात. स्लाइडवर रसांकुर जवळजवळ सपाट झालेले आणि क्रिप्ट खोल, लांब व विभाजनांनी गजबजलेल्या दिसतात. अशा क्रिप्ट पाहून नवखा विद्यार्थी त्यांनाच आजार समजतो, पण आतड्याने प्रतिकारासाठी लावलेली ती सारी शक्ती असते. याचीच सौम्य आवृत्ती आपल्या देशात कोणताही आजार नसलेल्या लोकांतही आढळली आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये सेल्विन बेकर आणि व्ही. आय. माथन यांनी दक्षिण भारतातील निरोगी लोकांचे रसांकुर पाश्चात्त्यांच्या तुलनेत आखूड व रुंद असल्याचे दाखवले. अस्वच्छ पाणी आणि वारंवार होणारा जंतुसंपर्क यांचा हा परिणाम मानला जातो, आणि लहान मुलांची उंची खुंटण्याशीही त्याचा संबंध जोडला जातो. ताटात पुरेसे अन्न असूनही मूल वाढत नाही, तेव्हा या अर्ध्या मिलिमीटरच्या उंचवट्यांचा विचार व्हायला हवा, आणि त्याआधी गावातील पाणी आणि शौचालयांचा.

सीलिअ‍ॅकचे रुग्ण मला एक रास्त प्रश्न विचारतात. अस्तर जर पाच दिवसांत बदलते, तर गहू सोडल्यावर आठवड्याभरात सर्व ठीक का होत नाही? ठीक व्हायला मुलांत काही महिने आणि प्रौढांत अनेकदा वर्ष-दोन वर्षे, काहींना त्याहूनही अधिक काळ लागतो. याचे कारण असे, की पाच दिवसांत केवळ पेशी बदलतात. ज्या गाभ्यावर त्या बसतात तो संयोजी ऊतीचा, रक्तवाहिन्यांचा आणि रसवाहिनीचा सांगाडा पुन्हा उंच व्हावा लागतो, आणि चिडलेल्या प्रतिकारपेशी सहजासहजी शांत होत नाहीत. त्या शांत होईपर्यंत प्रत्येक नवी पेशी वर येऊन पुन्हा अकालीच मरते. नकळत पोटात जाणारे थोडेसे गव्हाचे पीठसुद्धा ही चिड पुन्हा जागी करते. म्हणून पुढची बायोप्सी घाईने करू नये, असे मी त्यांना सांगते, आणि ती हाती आल्यावर सर्वांत आधी क्रिप्टची खोली पाहते. रसांकुर अजून पुरते वर आलेले नसले, तरी क्रिप्ट आखूड होऊ लागल्या असतील तर मृत्यूचा वेग कमी झाला आहे, हे मला त्या रुग्णाला खात्रीने सांगता येते.